तेलाच्या आधी पाणी: कडाक्याच्या थंडीत कुरळे केस कसे जपावेत

शिकागोतला माझा पहिला जानेवारी संपता संपता मानेवरच्या केसांची एक पट्टी बोटभर उरली होती. बाकीचे केस खांद्याच्या खाली आणि मागे, बरोबर कोटाच्या कॉलरपाशी, कुणी कातरल्यासारखे तुकडे. मी नाशिकची. केस जन्मापासून कुरळे, आणि ते सांभाळायचा एकच उपाय घरात शिकले होते: तेल. केस राठ झाले, तेल लाव. गुंता झाला, तेल लाव. त्या हिवाळ्यात रोज रात्री मी तेल चोपडत होते आणि रोज सकाळी उशीवरून केसांचे तुकडे वेचत होते.

तुकडे म्हणतेय, गळलेले केस नाही. हा फरक आधी ओळखायला शिका, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते आणि तो पूर्ण लांबीचा असतो. तुटलेला केस आखूड असतो, त्याला गाठ नसते. थंडीत कुरळे केस मुख्यतः तुटतात, आणि तुटणं थांबवणं बरंचसं आपल्या हातात असतं.

मला हे समजावलं ते ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय सहकारी मैत्रिणीने. ती शिकागोच्या साऊथ साइडला वाढलेली, केस माझ्याहून कितीतरी बारीक वेटोळ्यांचे, आणि कंबरेपर्यंत. तिने माझ्या मानेकडे पाहिलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. कोटाची कॉलर लोकरीची आहे का? आणि केसांना पाणी कधी लावतेस? पाणी? मी तर थंडी म्हणून केस दोन-दोन आठवडे धूतच नव्हते.

तिच्याकडून आणि तिच्या आईकडून जे शिकले, ते पुढे लिहिते आहे. साटीनची टोपी, सैल वेण्या, ओल्या केसांवर क्रीम, ही सगळी पद्धत इथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या केसांवर पारखून घेतलेली आहे, तेव्हा ती वापरताना कुणाकडून आली हे आपण लक्षात ठेवायला हवं. त्यात आपल्या घरातलं खोबरेल, जवस आणि कोकमाचं तेल कुठे बसतं, तेवढं माझं.

थंडीत नेमकं होतं काय

थंड हवेत बाष्प कमी मावतं. शून्याखाली १० अंशांवर एक घनमीटर हवा जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी धरू शकते. तीच हवा घरात येते, हीटरवर २२ अंशांपर्यंत तापते, आणि आता तिच्यात १९ ग्रॅम पाणी मावेल इतकी जागा होते. पाणी मात्र सव्वादोनच ग्रॅम. म्हणजे घरातली आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास. ही तहानलेली हवा मिळेल तिथून पाणी ओढते: ओठ, नाकाची आतली त्वचा, टाचा आणि केस. म्हणून केसांना खरी झळ बाहेरच्या बर्फापेक्षा घरातल्या हीटरची लागते. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा शून्याखाली ३१ अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवसांत आम्ही घराबाहेर जवळजवळ पडलोच नाही, तरी केस सर्वांत जास्त तुटले ते त्याच आठवड्यात.

सरळ केसांनाही हीच हवा लागते, मग आपलेच केस का तुटतात? टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत खाली येतं. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर अडतं, टोकांपर्यंत पोचतच नाही. शिवाय केस जिथे वळतो तिथे त्याच्यावर ताण असतो, तिथलं बाहेरचं कवच आधी उचकटतं, आणि कोरडा झालेला केस त्याच जागी मोडतो. वेटोळं जितकं बारीक तितक्या अशा जागा जास्त.

आता तेलाचं. तेल म्हणजे झाकण. भांड्यात पाणी असेल तर झाकण ते टिकवतं. भांडं रिकामं असेल तर झाकण ठेवून काय उपयोग? कोरड्या केसांवर तेल चोपडलं की केस चकाकतात, हाताला मऊ लागतात, आणि आत तितकेच कोरडे राहतात. एवढी एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं आहे: केसात पाणी घाला, ते झाकून ठेवा, आणि केस कशावर घासू देऊ नका.

आधी आपले केस ओळखा

केस धुवा, काहीही न लावता सुकू द्या, आणि आरशात पाहा. नागमोडी लाट दिसते, बोटाभोवती गुंडाळावी तशी बट पडते, की पेन्सिलीहून बारीक स्प्रिंगसारखी वेटोळी आहेत? ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांचे एक ते चार असे प्रकार मांडले. सरळ केस एक, लाटांचे दोन, कुरळे तीन, बारीक वेटोळ्यांचे चार. दुकानांत बाटल्यांवर जे ‘३ बी’, ‘४ ए’ असं छापलेलं असतं ते त्यातूनच आलेलं. त्या आकड्यात फार अडकू नका. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार सहज असतात. माझ्या कपाळावरचे केस लाटांचे आहेत आणि मानेवरचे घट्ट गुंडाळीचे.

आकड्यापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे केस भिजायला आणि वाळायला किती वेळ लागतो. पाणी वरून ओघळून जातं, केस भिजायलाच दोन-तीन मिनिटं लागतात आणि वाळायला अर्धा दिवस, तर अशा केसांना हलकी क्रीम आणि थोडी ऊब लागते. झटकन भिजतात आणि तासाभरात खडखडीत होतात, तर जाडसर क्रीम आणि वर लोण्यासारखं काहीतरी हवं. केस पाण्याच्या ग्लासात टाकून तरंगतो की बुडतो हे पाहायची एक चाचणी सगळीकडे सांगतात; तिच्यावर विसंबू नका. केसावर थोडं तेल असलं तरी तो तरंगतो.

न्हाण्याचा दिवस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. थंडीत बारीक वेटोळ्यांच्या केसांना सात ते दहा दिवसांतून एकदा न्हाणं पुरतं, लाटांच्या केसांना चार-पाच दिवसांनी. दिवस आणि वेळ ठरवून ठेवा. मी शनिवारी दुपारी न्हाते, म्हणजे रात्री झोपायच्या आत केस पूर्ण वाळतात आणि तोवर घराबाहेर पडावं लागत नाही. ओले केस घेऊन शून्याखालच्या हवेत गेलात तर काही मिनिटांत ते काडीसारखे ताठ होतात, आणि त्या अवस्थेत टोपी खेचली किंवा पदर, स्कार्फ आवळला तर मोडतात.

न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल लावा. इथे आपल्या आज्या बरोबर होत्या. दिवाळीच्या अभ्यंगात तेल आधी आणि पाणी नंतर असतं, तो क्रम कुरळ्या केसांना फार मानवतो. कोरडा केस पाण्यात फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे वारंवार झालं की झिजतो. खोबरेल केसाच्या आत शिरून हे फुगणं कमी करतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनं धुऊन जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. कंपनी खोबरेलच विकते हे ध्यानात घेऊनही, माझ्या केसांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरे. थंडीत तेल गोठलेलं असणार, कारण साधारण २४ अंशांखाली ते घट्ट होतं. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं ठेवा. काहींचे केस खोबरेलाने ताठ होतात. त्यांनी तिळाचं तेल घ्यावं.

केसांचे चार भाग करून चिमटे लावा. हे टाळू नका, कारण एकदम सगळ्या केसांत हात घातला की गुंता वाढतोच. पाणी कोमट हवं. बाहेर बर्फ पडत असताना कढत पाण्याखाली उभं राहण्याचा मोह किती होतो ते मला माहीत आहे. खांद्यांवर घ्या, डोक्यावर नको. कढत पाणी टाळूचं उरलंसुरलं तेलही नेतं.

शाम्पू फक्त टाळूला. थोड्या पाण्यात पातळ करा, बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. केसांच्या लांबीला तो मुद्दाम लावायची गरज नाही, खाली ओघळणारा फेस तेवढं काम करतो. सल्फेट नसलेला शाम्पू थंडीत बरा. रिठा आणि शिकेकाई यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात. उन्हाळ्यात जरूर वापरा. हिवाळ्यात रिठा माझे केस इतके कोरडे करतो की मी नोव्हेंबरपासून तो बाजूला ठेवते.

मग कंडिशनर, हात राखून नाही, भरपूर. आणि आता, केस कंडिशनरने निसरडे असतानाच, गुंता सोडवा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीने, आणि नेहमी टोकांकडून मुळाकडे. टोकाचा चार बोटं भाग मोकळा झाला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. वरून खाली एकदम फणी ओढली तर सगळ्या गाठी एका जागी जमतात आणि तिथेच केस तुटतो. लहान मुलींच्या बाबतीत हे मी अगदी कळकळीने सांगते. कोरडे कुरळे केस सकाळच्या घाईत ओढून विंचरले जातात, पोर रडते, ‘काय हे झिपरं’ असं तिला ऐकवलं जातं, आणि आपल्या केसांत काहीतरी वाईट आहे असं ती धरून बसते. कुरळे केस कोरडे असताना विंचरायचेच नसतात. आठवड्यातून एकदा, कंडिशनर लावून, शांतपणे. तेवढं पुरतं.

दर न्हाण्याला, निदान एकाआड एक, डीप कंडिशनिंग करा. दाट कंडिशनर लावून डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, वरून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, वीस ते तीस मिनिटं. रात्रभर ठेवू नका, केस फुगून पोचट होतात.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती टी-शर्ट घ्या, केस त्यात खालून वर दाबून जादा पाणी टिपा. केसांतून पाणी निथळत नाही पण हाताला चांगले ओले लागतात, अशा वेळी पुढचं लावायचं. हाच तो क्षण, ज्यात मी पहिल्या हिवाळ्यात चुकत होते: मी केस वाळण्याची वाट पाहायचे आणि मग तेल लावायचे.

क्रम असा. ओल्या केसांना, प्रत्येक भागाला वेगळं, न धुवायचं कंडिशनर म्हणजे लीव्ह-इन. त्यावर क्रीम. त्यावर, टोकांना जास्त आणि मुळांना अजिबात नाही, तेलाचे चार-पाच थेंब किंवा वाटाण्याएवढं लोणी. लोणी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं शिया बटर, जे आता सगळीकडे मिळतं. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांच्या घरात त्याचं भावंड असेल: भिरंडेल, कोकमाच्या बियांचं तेल, भेगाळलेल्या टाचांना लावायचं. ते नुसतं केसांना फार कडक पडतं. एक भाग भिरंडेल आणि तीन भाग तिळाचं तेल मंद आचेवर वितळवून एकत्र करा, थंड होताना ढवळत राहा. मी गेली चार वर्षं हेच वापरते आहे. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरीही आता याची डबी असते.

लीव्ह-इन घेताना मागची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ते पावसाळ्यासाठी ठेवा. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरतं. हवेतच नसेल तर केस चिकटही होतात आणि राठही.

बटा धरून राहाव्यात म्हणून शेवटी जेल. विकतचं चालेल, पण जवसाचं घरी करणं फार सोपं आहे आणि विदर्भातल्या ज्या घरांत जवसाची चटणी होते तिथे सामान तयारच आहे. पाव वाटी अख्खे जवस, दोन वाट्या पाणी. मध्यम आचेवर ढवळत ठेवा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणू लागलं की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. दोन मिनिटं जास्त उकळलं तर इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की टाकून द्या.

वाळवायला घाई असेल तर ड्रायरला डिफ्यूझर, म्हणजे हवेचा झोत पसरवणारं तोंड, लावा, उष्णता सर्वांत कमी, आणि केसांत खुपसून फिरवण्यापेक्षा थोडा लांब धरा. केस सरळ करायचं यंत्र हिवाळाभर कपाटात राहू द्या. ओलसर केसावर तापलेली पट्टी फिरली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो, आणि ते नंतर कुठल्याच क्रीमने भरून येत नाही.

रात्र

सुती अभ्रा रात्रभर केसांतलं पाणी आणि तेल टिपून घेतो, आणि आपण कुशीवर वळतो तेव्हा केस त्याच्यावर घासले जातात. साटीनची टोपी, साटीनचा रुमाल किंवा साटीनचा अभ्रा, यांपैकी काहीही एक. रेशीम असलंच पाहिजे असं नाही. साटीन ही विणीची पद्धत आहे आणि पॉलिस्टरचं साटीनही तितकंच गुळगुळीत असतं. शिंप्याकडे अस्तराचं मिळतं ते चालतं. जुनी रेशमी साडी फाटायला आली असेल तर तिचा पदर सोडून आतलं कापड घ्या, कारण जरीचे धागे केसांत अडकतात. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा, कडेने नेफा शिवा, त्यात डोक्याच्या घेराहून किंचित कमी इलॅस्टिक ओवा. इलॅस्टिक कपाळावर वळ उठवत असेल तर सैल करा. टोपीमुळे कपाळाजवळचे केस गेले तर मग तिचा उपयोग काय?

लांब केस असतील तर टोपीआधी डोक्याच्या अगदी वर सैल बुचडा बांधा, रबराने नाही, कापडी बंधाने.

बाहेर पडताना

बाकी सगळं करूनही मानेवरची पट्टी माझी सुधारली नाही, ती कॉलर बदलेपर्यंत. लोकर म्हणजे केसांसाठी खरवडणीच. कानटोपी, मफलर, कोटाची कॉलर, गाडीच्या सीटचा डोकं टेकायचा भाग, जिथे जिथे केस टेकतात ते हाताने चाचपून पाहा. टोपीला आतून साटीनचं अस्तर टाचून घ्या, किंवा टोपीखाली साटीनचा रुमाल बांधा. कॉलरच्या आतल्या बाजूला साटीनची चार बोटं रुंद पट्टी हाताने शिवली तरी पुरे. केस कोटाच्या आत कोंबण्यापेक्षा वर बांधलेले बरे.

पुण्यात, नाशिकमध्ये किंवा नागपुरात राहणाऱ्यांना बर्फ नाही, हीटर नाही, पण दुचाकी आहे. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत सकाळी सातला गाडीवर निघणाऱ्या मुलीचे केस सुती स्कार्फ, त्यावर हेल्मेट आणि अर्धा तास वारा, असे तिहेरी घासले जातात. सैल वेणी घाला, तिची टोकं जॅकेटच्या आत घ्या, आणि हेल्मेटखाली सुती स्कार्फाच्या आत एक साटीनचा रुमाल असू द्या. न्हायचं असेल तर आदल्या संध्याकाळी लवकर न्हा. ओल्या केसांवर हेल्मेट घालून दिवस काढला की टाळूला खाज आणि कुबट वास ठरलेला.

टोपी काढल्यावर केस हवेत उभे राहत असतील तर ती कोरड्या हवेतली स्थिर वीज. तळहाताला क्रीमचा एक ठिपका चोळून केसांवरून अलगद फिरवा. फणी मारू नका, आणखी वाढेल.

वेण्या

एकदा घालून दोन-चार आठवडे तशाच ठेवता येतील अशा बारीक किंवा दुपेडी वेण्या, पीळ घातलेल्या बटा, डोक्यालगतच्या वेण्या, या सगळ्यांचा हेतू एकच: टोकं लपवणं आणि रोजची हाताळणी थांबवणं. आपली सागरवेणी त्यातलीच, फक्त ती आपण रोज सोडून पुन्हा घालतो. थंडीत तीन-चार दिवस सोडूच नका. रात्री वरून टोपी.

अट एकच, आणि ती मोडू नका: ओढ बसता कामा नये. वेणी घातल्यावर डोकं दुखतंय, भुवया वर खेचल्यासारख्या वाटताहेत, मुळांशी पुरळ दिसतंय, तर ती वेणी त्याच दिवशी सोडा. सतत ओढ बसली की कपाळाच्या कडेचे केस मागे हटतात, आणि फार काळ चाललं तर मुळं कायमची मरतात. घट्ट अंबाडा आणि गजऱ्याचं ओझं रोज वाहणाऱ्या नृत्याच्या विद्यार्थिनींनाही हेच लागू. जास्तीचे केस जोडून घातलेल्या वेण्या सहा ते आठ आठवड्यांच्या वर ठेवू नयेत, आणि मधल्या काळात दर आठवड्याला टाळू पातळ शाम्पूने धुवायची. वेण्या घातल्या म्हणजे न्हाणं संपलं, असं होत नाही.

मुलांना अशा वेण्या घालून शाळेत पाठवायला इथले आपले काही पालक कचरतात. इलिनॉय राज्यात २०२१ मध्ये कायदा झाला आहे: वेण्या, पीळ, लॉक्स (जटांसारखे वळलेले केस) अशा केशरचनांवरून शाळेला मुलाला अडवता येत नाही. शिकागोतल्या एका चार वर्षांच्या मुलाला वेण्यांवरून अडवलं गेलं आणि त्याची आई लढली, त्यातून हा कायदा आला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्येच शाळा आणि नोकरी दोन्हींसाठी असा कायदा केला होता. तेव्हा निर्धास्त पाठवा.

घरातली हवा आणि मधले दिवस

आर्द्रता मोजायचं छोटं मापक स्वस्त असतं, ते आधी घ्या. तीसच्या खाली आकडा गेला तर झोपायच्या खोलीत ह्युमिडिफायर लावा आणि ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. खिडकीच्या काचेवर पाण्याच्या धारा दिसू लागल्या तर जास्त झालं, बुरशी धरेल. यंत्रातलं पाणी रोज बदला, नाहीतर त्यातले जंतू श्वासात जातात.

दोन न्हाण्यांच्या मध्ये केस रोज भिजवायची गरज नाही. तीन-चार दिवसांनी टोकं खरखरीत लागली तर फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि एक चमचा लीव्ह-इन हलवून, फक्त टोकांवर मारा, वर तेलाचा एक थेंब, आणि टोपी घालून झोपा. हे रात्री करायचं, सकाळी बाहेर पडताना नाही.

कोंडा

थंडीत कोंडा वाढला की घरातून पहिला सल्ला येतो तो कोमट तेलाच्या मालिशचा. पण कोंड्यामागे बहुधा मॅलासेझिया नावाची यीस्ट असते, आणि ती टाळूच्या तेलावरच जगते. खाज, पिवळसर चिकट पापुद्रे, लाली असेल तर टाळूला तेल पूर्ण बंद करा. केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून एकदा, फक्त टाळूला, पाच मिनिटं ठेवून धुवा, आणि केसांच्या लांबीला आधीच कंडिशनर लावून ठेवा म्हणजे ती कोरडी पडणार नाही. पापुद्रे बारीक, पांढरे, कोरडे असतील आणि लाली नसेल तर ती नुसती कोरडी टाळू असू शकते; पाणी थोडं कमी गरम करून आणि शाम्पू सौम्य करून पाहा.

महिनाभरात फरक नाही, नाण्याएवढे गोल चट्टे पडलेत, टाळू दुखते आहे किंवा कपाळाची कड मागे सरकते आहे, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे तेलाचे प्रयोग करत वेळ घालवू नका.

कधी सुरू करायचं

दिवाळीच्या सुमारास. पहिलं काम कात्रीचं: केसांना जिथपर्यंत फाटे फुटलेत तिथून अर्धा इंच वर कापा. फाटा तसाच ठेवला तर हिवाळाभर वर चढत राहतो. मग साटीन शिवून घ्या, कॉलरला पट्टी लावा, मापक भिंतीवर टांगा. पहिल्या दोन न्हाण्यांना तीन तास लागतील, त्याने धीर सोडू नका. मला आता दीड तास लागतो, त्यातला निम्मा वेळ नुसता टॉवेल बांधून बसण्याचा.

मार्च सरता सरता मापक ४० च्या वर राहू लागलं की जाड क्रीम कमी करा आणि ग्लिसरीनवाली बाटली पुन्हा बाहेर काढा. मानेवरचे केस बोटांनी मोजा. माझी ती पट्टी भरून यायला दोन हिवाळे लागले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा हिशेब तसाच धरा.